मुक्त ब्राउझर आणि मराठी लिपी

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत कांदिवली स्थानकाच्या पश्चिमेस चारकोप ही जी मोठी वसाहत आहे, तिची उभारणी गृहनिर्माणाच्या रूढ पद्धतीने झालेली नाही. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने १९८५ मध्ये हाती घेण्यात आलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात 'भूखंड व सेवा' हे तत्त्व स्वीकारले गेले होते. सरकारने तयार घर बांधून द्यावयाचे नाही. जमीन आखावयाची, रस्ते, पाणी व मलनिःसारण यांची सोय करून लहान लहान भूखंड वाटावयाचे, आणि घर मात्र ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व सवडीप्रमाणे उभारावयाचे, असे त्या तत्त्वाचे स्वरूप होते. म्हाडाने ते चारकोपला अमलात आणले. सुमारे पस्तीस कुटुंबांची एक सहकारी संस्था आणि मध्ये सामाईक चौक, अशी तेथील मांडणी. आरंभी बैठी असलेली घरे कुटुंबाच्या गरजेबरोबर वाढली, त्यांवर मजले चढले, पुढल्या खोलीत कोठे दुकान निघाले.

या प्रयोगाच्या मुळाशी एक प्रश्न आहे. सामान्य माणसास तयार वस्तू देणे अधिक हिताचे, की ती वस्तू आपल्या गरजेप्रमाणे घडविण्याचा व बदलण्याचा अधिकार देणे अधिक हिताचे? चारकोपची वस्ती आकार घेत असतानाच्या दशकात हाच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रात वेगळ्या रूपाने उपस्थित झाला. तेथे वस्तू होती ब्राउझर, आणि त्या प्रश्नाच्या उत्तराशी मराठीसारख्या भाषेचा संबंध पुष्कळ जवळचा होता. हा संबंध नेमका कोणता, तो कसा घडला आणि आज तो कितपत सुरक्षित आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ब्राउझरचे कार्य व मूळ संहिता

ब्राउझर, ज्यास मराठीत 'न्याहाळक' असाही प्रतिशब्द योजिला जातो, ही आंतरजालावरील मजकूर वाचकासमोर मांडणारी आज्ञावली होय. दूरच्या संगणकाकडून ब्राउझरला जे मिळते ते पान नव्हे. ती पानाविषयीच्या सूचनांची एक लांबलचक यादी असते. कोणते शब्द, कोणता मथळा, कोणते चित्र कोठे, हे त्या सूचनांत सांगितलेले असते. त्यांचा अर्थ लावून प्रत्यक्ष पान चितारणारा ब्राउझरचा जो गाभा, त्यास 'इंजिन' म्हणतात. वाचकाला दिसणारी खिडकी, कळी व याद्या ही केवळ बाहेरची बांधणी. खरे काम इंजिन करते.

कोणतीही आज्ञावली प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. ही तिची मूळ संहिता. पुढे तिचे यंत्राला समजणाऱ्या अंकरूपात रूपांतर होते, आणि बहुतेक कंपन्या हे अंकरूपच तेवढे ग्राहकाला देतात. अशा आज्ञावलीत दोष आढळला तर ग्राहकाने तक्रार करावी आणि वाट पाहावी, याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. मुक्त आज्ञावलीत मूळ संहिता सर्वांना खुली असते. ती वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली प्रत इतरांना देण्याचा अधिकार परवान्यानेच दिलेला असतो. मुक्त म्हणजे फुकट, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु तो अपुरा आहे. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोररही विनामूल्यच मिळत असे, पण तो दुरुस्त करण्याचा अधिकार वाचकाला कधीच नव्हता. मोलाची गोष्ट किंमत ही नसून दुरुस्तीचा अधिकार ही आहे.

मोझिलाचा उदय

आंतरजालावरील पानांची जी व्यवस्था, तिचा जन्म जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या कार्यातून झाला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्या व्यवस्थेची आज्ञावली सर्वांच्या वापरासाठी खुली केली. तथापि, पुढील काही वर्षांत ती वाचण्याची साधने कंपन्यांच्या हाती गेली. नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्यातील स्पर्धेत नेटस्केप मागे पडू लागली, तेव्हा २२ जानेवारी १९९८ रोजी तिने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता खुली करण्याचे जाहीर केले आणि ३१ मार्च रोजी ती प्रत्यक्ष प्रसिद्ध केली. या कार्यासाठी जो प्रकल्प स्थापन झाला तो मोझिला. 'ओपन सोर्स' हे नाव रूढ झाले तेही याच घटनेच्या पाठोपाठ, १९९८ च्या फेब्रुवारीत. मात्र त्यामागचा विचार रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये आरंभिलेल्या ग्नू प्रकल्पापासून चालत आलेला होता.

जुनी संहिता जड व गुंतागुंतीची होती. तिचे इंजिन जवळजवळ नव्याने लिहावे लागले आणि त्यात काही वर्षे गेली. दरम्यान इंटरनेट एक्सप्लोररचा हिस्सा नव्वद टक्क्यांच्या वर गेला. २००३ मध्ये मोझिला प्रतिष्ठान ही विनानफा संस्था अस्तित्वात आली आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. तिच्या प्रसारासाठी न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रात १६ डिसेंबर २००४ रोजी दोन पानांची जाहिरात आली. तीत वर्गणी देणाऱ्या सुमारे दहा हजार व्यक्तींची नावे बारीक अक्षरांत छापलेली होती. दोष शोधणारे, भाषांतर करणारे, नवख्यांना मदत करणारे असे हजारो स्वयंसेवक या कार्यात सामील झाले. पाचसहा वर्षांत जगातील ब्राउझरवापराचा सुमारे पाव हिस्सा, काही गणनांनुसार त्याहून अधिक, फायरफॉक्सकडे आला. मक्तेदारी अढळ नसते, हे त्यातून सिद्ध झाले.

देवनागरीची कसोटी

मराठीच्या दृष्टीने मात्र बाजारातील हिश्शापेक्षा निराळीच गोष्ट महत्त्वाची होती. रोमन लिपीतील अक्षरे ज्या क्रमाने साठविली जातात, त्याच क्रमाने ती एकापुढे एक मांडली की शब्द तयार होतो. देवनागरीत तसे होत नाही. 'मिळते' या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी 'म'च्या नंतर साठविली जाते, परंतु ती काढावयाची असते 'म'च्या आधी. 'शर्ती' या शब्दातील 'र' हा 'त'च्या पूर्वी उच्चारला व साठविला जातो, पण तो रफार होऊन 'ती'च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'क्ष' हे एक अक्षर दिसत असले तरी संगणकाच्या साठ्यात ती तीन चिन्हे असतात. म्हणून चिन्हे ओळखणे, त्यांचा क्रम बदलणे व योग्य जोडाक्षर निवडणे हे अक्षरजुळणीचे काम ब्राउझरला किंवा त्याच्या हाताखालील व्यवस्थेला क्षणोक्षणी करावे लागते.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ही सोय सर्वत्र नव्हती. मराठीतील अनेक संकेतस्थळे आपापले खास फाँट वापरीत आणि वाचकाने तो फाँट आधी उतरवून घ्यावा अशी सूचना पहिल्याच पानावर देत. फाँट आपोआप पोचविण्याची जी एक युक्ती होती, ती केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. याहून मोठी अडचण अशी की, त्या मजकुराची चिन्हे त्या एका फाँटपुरतीच अर्थपूर्ण असत. फाँट नसला तर पानावर रोमन अक्षरांचा निरर्थक कोलाहल दिसे, आणि शोधयंत्राच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. 'पद्म' नावाची फायरफॉक्सची एक पुरवणी अशा कुलुपबंद मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून दाखवीत असे. ती मोझिला संस्थेने केली नव्हती. ब्राउझर खुला असल्यामुळे बाहेरच्या माणसाला ती जोडता आली.

मुंबईच्या उपनगरांतच या प्रश्नावर मूलभूत काम झाले. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, जे २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले, हे भारतातील आंतरजालाच्या आद्य केंद्रांपैकी एक होते. तेथील 'इंडिक्स' प्रकल्पाने लिनक्स या मुक्त प्रणालीत भारतीय लिप्यांची जुळणी करण्याचे काम हाती घेतले. सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांचे अखेरच्या काळातील कार्य याच केंद्रात झाले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांचा, आणि मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेला 'रघु' हाही त्यांचाच. दोन्हींमागील हात एक. परंतु पहिला होता तसाच वापरावा लागे, तर दुसऱ्याला कोणासही हात लावता येई, त्यात उणे अक्षर घालता येई. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने तयार केलेले व रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेले 'लोहित' फाँट हेही या परंपरेतले होत.

येथे एक गोष्ट न्याय्य बुद्धीने मान्य केली पाहिजे. देवनागरीची अक्षरजुळणी सामान्य ग्राहकाच्या संगणकावर प्रथम आणली ती विंडोज २००० या बंदिस्त प्रणालीनेच. मुक्त प्रणाली तेव्हा मागे होत्या. फायरफॉक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांत तर दोन्ही समास सरळ राखून मांडलेला देवनागरी मजकूर तुटून पडे. मात्रा, वेलांट्या आपल्या अक्षरापासून सुटत. १७ जून २००८ रोजी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत चित्रणाची व्यवस्था बदलली तेव्हा हा दोष गेला. तेव्हा मुक्त म्हणजे निर्दोष, असे म्हणता येत नाही. फरक आहे तो दोषाचे पुढे काय होते यात. मुक्त ब्राउझरमध्ये दोषाची नोंद सर्वांसमोर होते, चर्चा सर्वांसमोर होते, आणि ज्याला ज्ञान व चिकाटी आहे त्याला दुरुस्ती सुचविता येते. ती करावी की नाही, हे त्या भाषेच्या ग्राहकांची संख्या किती किफायतशीर आहे एवढ्यावरच ठरत नाही.

लहान भाषिक तपशिलांत हा फरक विशेष जाणवतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यास' दिलेले दान गुरूला पोचते आणि 'आचाऱ्यास' दिलेले स्वयंपाक्याला. अर्धा 'र' दाखविणारे हे आडवे चिन्ह हिंदीत लागत नाही. ते साठविण्याचे दोन मार्ग युनिकोडमध्ये आहेत: एक 'ऱ' या अक्षरापासून, दुसरा साध्या 'र'ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पानावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर तो सापडेलच असे नाही. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. मराठीतील 'ल' व 'श' यांची वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून भिन्न आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले. एकाच फाँटमध्ये दोन्ही वळणे ठेवण्याची सोय आहे; मात्र पानाने आपली भाषा मराठी असल्याचे सांगितले पाहिजे, आणि ब्राउझरने ती सूचना अक्षरजुळणीपर्यंत पोचविली पाहिजे. हे कोणत्या बाजारपेठेच्या दबावाने घडत नाही. ज्याच्या डोळ्यांना परके वळण खुपते, अशा माणसाने ते मागावे लागते.

शब्दांची घडण

लिपीनंतरची पायरी भाषेची. ब्राउझरमधील याद्या, सूचना व इशारे मराठीत आणणे म्हणजे हजारो लहान वाक्यांचे भाषांतर. मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षणसंस्थेतील प्रा. जितेंद्र शहा व त्यांच्या 'इंडिकट्रान्स' या गटाने मुक्त आज्ञावली भारतीय भाषांत आणण्याचे काम आरंभीच्या काळात केले. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयाभोवती दुसरे केंद्र निर्माण झाले. तेथून २००८ मध्ये सुरू झालेल्या 'फ्युएल' या प्रकल्पाने वारंवार येणाऱ्या शब्दांची एकच प्रमाण यादी असावी, हा उद्देश ठेवला. कारण एका आज्ञावलीत एक शब्द आणि दुसरीत दुसरा, अशा स्थितीत वाचकाचा गोंधळ होतो.

परिभाषेचा जुना वाद येथेही उद्भवला. 'बुकमार्क'ला 'वाचनखूण' हा शब्द सहज रुळण्यासारखा आहे. परंतु 'फाइल' व 'टॅब' यांना संस्कृतोद्भव प्रतिशब्द देण्यात काय साधणार? शासकीय कोशातील शब्द पूर्णपणे घ्यावेत, तर ते वाचकाला परके वाटतात. सर्व इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावेत, तर भाषांतराचे प्रयोजनच उरत नाही. मराठीची रूपव्यवस्था ही आणखी एक अडचण. 'घर', 'घराला', 'घराच्या', 'घरासमोरच्या' अशी एका शब्दाची कितीतरी रूपे होतात. फायरफॉक्समध्ये शुद्धलेखन तपासणाऱ्या 'हनस्पेल' या मुक्त आज्ञावलीसाठी मराठी शब्दसंग्रह स्वयंसेवकांनी केला खरा. पण प्रत्यय व शब्दयोगी अव्यये यांचे नियम पुरेसे नसतील तर शुद्ध रूपांखालीही तांबडी रेघ उमटते. ही उणीव भरून काढण्यास प्रोग्रामरपेक्षा व्याकरणाचा अभ्यासक अधिक उपयोगी पडेल.

रस्त्याचा प्रश्न

घर आपले झाले तरी रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर ते घर कितपत उपयोगी? ब्राउझर खुला असूनही आंतरजाल पुरविणारी कंपनी काही संकेतस्थळे फुकट, काही महाग अशी निवड करू लागली, तर वाचकाचे स्वातंत्र्य नाममात्र उरते. भारतात हा प्रश्न २०१५ मध्ये ऐरणीवर आला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २७ मार्च २०१५ रोजी प्रसिद्ध केलेल्या विचारपत्रावर स्वयंसेवकांच्या पुढाकाराने दहा लाखांहून अधिक ई-पत्रे पाठविली गेली. ते क्लिष्ट पत्र सामान्य भाषेत समजावून सांगण्यात मुंबईतील एका विनोदी कलावंतांच्या मंडळाने केलेल्या चित्रफितीचाही वाटा होता. वर्षअखेर फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेवरून हाच वाद पुन्हा पेटला, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई करणारा विनियम काढला. कमी वाचकांची, पदरी पैसा नसलेली मराठी संकेतस्थळे मोठ्यांच्या बरोबरीने पोचू शकतात, यामागे हे तत्त्व आहे.

आजची स्थिती

यावरून मुक्त ब्राउझरचा पक्ष कायमचा विजयी झाला असे वाटेल. परंतु वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे. गूगलचा क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये आला. त्याच्या पायाशी असलेला क्रोमियम प्रकल्प मुक्त आहे. त्याच्या इंजिनाची वंशावळ केडीई या स्वयंसेवी प्रकल्पाच्या केएचटीएमएल इंजिनापर्यंत पोचते. त्यावरून ॲपलने वेबकिट घडविले आणि वेबकिटपासून २०१३ मध्ये गूगलचे ब्लिंक वेगळे झाले. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचे इंजिन सोडून क्रोमियमचा आश्रय घेतला, आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एजनेही तेच केले. आता सर्वत्र वापरात असलेली प्रमुख इंजिने तीनच उरली आहेत: ब्लिंक, वेबकिट व मोझिलाचे गेको. त्यांपैकी ब्लिंकचे वर्चस्व मोठे आहे, तर फायरफॉक्सचा हिस्सा काही टक्क्यांवर आला आहे. मोझिलाच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग गूगलशी झालेल्या शोधसेवेच्या करारातून येतो. म्हणजे स्पर्धकाचे पोषण स्पर्धकच करतो आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे अडीचशे कर्मचारी कमी केले.

येथे परवान्याचा मोकळेपणा आणि निर्णयाचा मोकळेपणा यांत भेद करणे आवश्यक आहे. क्रोमियमची संहिता कोणासही वाचता येते, तीत सुधारणा सुचविता येते. परंतु तिने कोणत्या दिशेने जावे हे ठरविण्याचे सामर्थ्य मुख्यतः एकाच कंपनीकडे आहे. इंजिन एकच उरले की संकेतस्थळे बांधणारे त्या एकाच इंजिनात पान तपासून थांबतात, आणि त्याचे दोषही हळूहळू नियम बनतात. २००३ च्या सुमारास इंटरनेट एक्सप्लोररच्या बाबतीत हेच झाले होते. सर्व्हो व लेडीबर्ड ही इंजिने स्वतंत्रपणे वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत, ते या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहेत.

चारकोपचे साम्यही या ठिकाणी संपते, आणि ते कोठे संपते हे पाहणे उद्बोधक आहे. भूखंड एकाने घेतला की तो दुसऱ्याला उरत नाही. संहितेची प्रत कितीही जणांनी घेतली तरी मूळ कमी होत नाही. उलटपक्षी, भूखंडावर बांधलेली भिंत मालक दूर गेला तरी काही वर्षे उभी राहते. ब्राउझरमधील मराठी मात्र तशी राहत नाही. दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, तीत नवी वाक्ये असतात. ती कोणी भाषांतरित केली नाहीत तर मराठी याद्यांत इंग्रजी ओळी शिरू लागतात. अक्षरजुळणीच्या नव्या व्यवस्थेत जुना दोष पुन्हा डोके वर काढू शकतो. दुरुस्तीचा अधिकार परवान्याने मिळतो, परंतु तो टिकतो वापराने. ज्या भाषेचे लोक तो वापरीत नाहीत, त्या भाषेपुरता तो कागदावर राहतो.

म्हणून या प्रश्नाचे उत्तरदायित्व केवळ संगणकशास्त्राच्या विभागांवर टाकता येणार नाही. 'दऱ्या' हा शब्द दोन्ही पद्धतींनी लिहून शोध घेणे, एकच परिच्छेद तिन्ही इंजिनांत उघडून 'ल' व 'श'ची वळणे ताडून पाहणे, शुद्धलेखन तपासणीत चुकीच्या ठरणाऱ्या शुद्ध रूपांची पद्धतशीर यादी करणे, ही कामे भाषाविषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज करता येण्याजोगी आहेत. अशी एकेक नोंद संबंधित प्रकल्पाकडे गेली, तर तिचा लाभ अभ्यास करणाऱ्यालाच नव्हे, तर प्रत्येक मराठी वाचकाला मिळेल. आखलेली जमीन व खुला रस्ता या दोन गोष्टी मराठीच्या वाट्याला आलेल्या आहेत. त्यांवर बांधीत राहणे हे मराठी भाषकांचेच काम आहे.